मूठभर सदाफुली

खिडकीतून उतरलेलं कोवळं ऊन शिवणयंत्रावरून सरकत, चिंध्यांत रेंगाळत शिंप्याच्या बायकोच्या निस्तेज चेहऱ्यापाशी येऊन थांबलं. त्यानं सदाफुलीच्या पानांच्या रसाचा पेला तिच्यापुढे धरला. “घे. रक्ताच्या कर्करोगावर डॉक्टरसुद्धा याच झाडाचं औषध देतात.” “देतात, पण अर्क काढून, मोजून, माझं वजन पाहून. तुम्ही किती पानं वाटता?” “मूठभर.” ती हसली. “अहो, गिऱ्हाइकाची बाही दोनदा मापल्यावाचून कात्री लावत नाही तुम्ही, आणि बायकोच्या जिवाला मूठ?” तिनं पेला मोरीत उपडा केला, चपला घातल्या. “मी निघाले दवाखान्यात, इंजेक्शन घ्यायला. यायचं तर चला, नाहीतर बसा पानं खुडत.” तो तिच्या पाठोपाठ निघाला. तिला उलट्या होतात त्या आजारामुळे, असं तो आल्यागेल्याला ठासून सांगे. तो परगावी असताना रस चुकला, तेव्हा एकही उलटी झाली नव्हती. उलट्या त्याच्या रसानंच होत होत्या.