तिसरी कॉईल

मोटर घुमली, पण वेग घेईना. उत्तमरावांनी झटक्यात स्विच बंद केला आणि वाकून वास घेतला. अजून जळाली नव्हती.

“कापून टाका अन् नवीन भरा,” वामनराव म्हणाले. मोटर त्यांच्या विहिरीवरची होती आणि तिकडे वांगी सुकत होती. “एखादी कॉईल उलटी हाय.”

“उलटी नाई राहू शकत. तिनं गुंडाळली हाय.”

गुडीहत्नूरच्या या दुकानात बावीस वर्षं उत्तमरावांची बायको गयाबाई कॉईल गुंडाळायची आणि ते त्या मोटरीत बसवायचे. तिला जाऊन दोन महिने झाले होते. ही तिच्या हातची शेवटची मोटर.

तिची पद्धत ठरलेली होती. सुरुवातीचं टोक वीतभर लांब ठेवायचं, शेवटचं आखूड. तीन कॉईल, तीन लांब टोकं, तीन आखूड. त्यावरून उत्तमराव डोळे झाकून जोडणी करायचे. आजही तशीच केली होती. आत वार्निश वाळून सगळं दगडासारखं झालेलं. तार कोणत्या अंगानं फिरली आहे, हे आता कापल्याशिवाय दिसणार नव्हतं.

त्यांनी छिन्नी उचलली आणि परत ठेवली.

“बाबा, थांबा,” आदिलाबादला बी.एस्सी. करणारी त्यांची मुलगी चंचल म्हणाली. “कापाचं काम नाई. मीटरचा काटा सांगते.”

तिनं मधोमध शून्य असलेलं जुनं मीटर काढलं. दुसऱ्या कॉईलची दोन टोकं मीटरला लावली आणि पहिल्या कॉईलच्या टोकांना सेल टेकवला. काटा डावीकडे उडाला आणि लगेच मधोमध आला. सेल काढला, तर उजवीकडे उडाला.

उत्तमराव पुढे सरकले. “सेल तर पहिलीले लावला. दुसरीत करंट कुठून आला?”

“पहिलीतला बदल दुसरीले कळते.”

“अन् सेल लावून ठेवला, तं काटा झोपला काऊन?” वामनरावांनी विचारलं.

“बदल थांबला ना, काका. सेल लावला का कॉईल म्हणते, येऊ नको. काढला का म्हणते, जाऊ नको. दरवेळी उलटं.”

“म्हणजे आमच्या घरच्यासारखी!” वामनराव हसले. मग उत्तमरावांकडे पाहून त्यांनी उगाच रुमालानं मान पुसली.

उत्तमरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सेल स्वतःच्या हातात घेतला. लावला, काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. येऊ नको, जाऊ नको. “आता तिसरी पाहू,” ते म्हणाले.

मीटर तिसरीला लावलं. लांब टोक मीटरच्या पहिल्याच खुंटीला, आखूड दुसऱ्या, आधीसारखंच. सेल टेकवला. काटा उजवीकडे उडाला.

“पुन्यांदा कर.”

पुन्हा उजवीकडे. सेल दुसरीला लावूनही पाहिला. पहिलीत काटा डावीकडे, तिसरीत उजवीकडे. तिसरीच वेगळी होती.

चंचलनं तिसरीची दोन टोकं आपसात बदलली. उत्तमरावांनी जोडणी केली, स्विच टाकला. मोटर सुरळीत फिरायला लागली.

“झालं!” वामनराव म्हणाले. “वहिनीनं एक डाव चूक केली, एवढंच.”

“चूक नाई.” उत्तमरावांनी स्विच बंद केला. “तिसरी पुरी उलटी गुंडाळली हाय. सगळ्या फेऱ्या सारख्या. चुकून असं होत नाई.”

ते कॉईल गुंडाळायच्या हातचरकीपाशी गेले. गयाबाईच्या जागी, रस्त्याकडे तोंड करून बसले. दांडा उजव्या हाताला आला. फिरवला, तर चाक रस्त्याकडे फिरलं. पहिल्या दोन कॉईल अशाच झाल्या असणार. मग त्यांनी डावा हात पुढे केला. तो दांड्यापर्यंत नीट पोचेना. ते उठले, चरकीला वळसा घालून पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसले. दांडा आता डाव्या हाताशी होता. फिरवला. चाक भिंतीकडे फिरलं.

दसऱ्याच्या सुमाराला ती अशी पाठ करून बसायची. त्यांना वाटलं होतं, रुसली. त्यांनीही मग बोलणं टाकलं होतं.

“चंचल,” त्यांनी न वळता विचारलं, “आईचा उजवा हात कवापासून चालत नवता?”

चंचल मीटरच्या वायरी गुंडाळत होती. “पोळ्यापासून दुखे. दसऱ्याले तं दांडाच धरवत नवता तिले. इकडून बसलं का तुमाले दिसत नाई, म्हणे.”

उत्तमरावांनी मान वर केली. समोर, बसल्या माणसाच्या नजरेसमोर, भिंतीच्या चुन्यात खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. दहा फेऱ्या झाल्या की एक रेघ. वरच्या सरळ होत्या. खाली खाली त्या वाकड्या होत गेल्या होत्या. दोन रेघांमध्ये कुठे कुठे खिळा नुसताच टेकल्याची खूण दिसत होती.

“उत्तमराव, हात लावा ना,” मागून वामनराव म्हणाले. “गाडीत ठेवू मोटर.”

“थांबा जरासक,” उत्तमराव म्हणाले. त्यांचं बोट सातव्या रेघेवर होतं. “मोजून राह्यलो.”