लाकडी ठोकळा

ओदीलच्या लग्नाला आठ दिवस उरले होते, साल १९२३, आणि ट्रेमे या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या ओव्हिद मेतॉयेच्या घरात चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आलेली निम्मी गल्ली ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढं दाटीवाटीनं बसली होती. म्हाताऱ्या ओव्हिदनंच सगळ्यांना बोलावलं होतं. त्याचा थोरला मुलगा आल्सीद उत्तरेत जाऊन बँडबरोबर वाजवून आला होता, आणि ते वाजवणं म्हणे या काळ्या तबकडीत उतरलं होतं. तबकडी वाजून झाली की घरातला मोठा ढोल आल्सीदच्या हाती द्यायचा आणि बहिणीच्या लग्नात तोच तो वाजवणार, हेही म्हाताऱ्यानं चर्चच्या पायऱ्यांवर सांगून टाकलं होतं.

तुतारीसारखी कॉर्नेट सुरू झाली. "आपला ज्यूल!" कुणीतरी ओरडलं. क्लॅरोनेट वर चढली. लोकांनी माना डोलावल्या आणि ढोलाची वाट पाहू लागले. ढोल आलाच नाही. मागं नुसतं टक टक, टक टक.

सिगार वळणारा थेओफिल खुर्चीत मागं रेलला. "काय रे ओव्हिद, पोरगा बँडमध्ये होता की दूधवाल्याच्या गाडीला जुंपला होता? टापा मात्र झकास पडतायत."

खोली हसली. ओदीलनं तोंडावर हात धरला, पण तिलाही हसू आवरलं नाही. आल्सीदच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

तबकडी संपली. ओव्हिदनं सुई उचलली. आठवडाभर लोकांच्या भिंतींना गिलावा करणारे हात त्यानं कमरेवर ठेवले.

"ढोल कुठाय?"

"तो लाकडी ठोकळा आहे, पापा. ढोल वाजवू देत नाहीत. ते मेणावर सुईनं कोरतात. ढोल वाजला की सुई उडते. दोनदा उडाली. मग त्यांनी ढोल बाहेर बोळात नेऊन ठेवला आणि माझ्या हातात ठोकळा दिला."

"आणि तू तो घेतलास."

"घेतला," आल्सीद म्हणाला.

"माझ्या आज्याचा ढोल, काळ्यांनी वाजवायचा नाही म्हणून, शिपायांनी भर मैदानात कुऱ्हाडीनं फोडला," ओव्हिद म्हणाला. तो आल्सीदशी बोलत होता, पण आवाज रस्त्यापर्यंत जात होता. "पुढच्या रविवारी तो पिठाचं पिंप घेऊन गेला. तेही फोडलं, तर मांडीवर वाजवलं. माझ्या बापाचा खांदा निखळला, पण मिरवणूक संपेपर्यंत त्यानं ढोल उतरवला नाही. तुझ्या वेळी कुऱ्हाडसुद्धा लागली नाही! बाहेर ठेव म्हणाले, ठेवलास!"

"मी उठून आलो असतो तर सगळ्या बँडला घरी पाठवलं असतं त्यांनी! ज्यूललासुद्धा! तुम्ही काय केलं असतं?"

"सुई उडते म्हणे! पन्नास वर्षं ढोल बडवतोय मी. गोऱ्यानं थाप मारली आणि तुला पटली."

"ओव्हिद, पुरे आता," स्वयंपाकघराच्या दारातून क्लेमन्स म्हणाली. "गम्बोचा रस्सा निवतोय."

"निवू दे!" म्हातारा बायकोकडं न बघताच गरजला. मग मुलाकडं बोट केलं. "ढोल तुला मिळायचा नाही. लग्नात ठोकळाच वाजव. लोक घोडा समजून पुढ्यात गवत टाकतील."

पुन्हा हसू फुटलं. आल्सीद उठला. त्या बोळात ढोलावर कुणीतरी ओला कोट टाकला होता, आणि तो काढायलाही हा तेव्हा गेला नव्हता. ते आठवलं की त्याचं त्यालाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. त्यानं ग्रामोफोनला किल्ली दिली आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"आणा तुमचा ढोल," तो म्हणाला. "वाजवा याच्याबरोबर. इथंच. सगळ्यांसमोर."

ओव्हिद आत गेला आणि ढोल छातीशी धरून बाहेर आला. दोन पिढ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांनी त्याची कड घासून गुळगुळीत झाली होती. कॉर्नेटचं पहिलं कडवं त्यानं जाऊ दिलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी दांडा वर नेला आणि सगळा राग एकवटून हाणला.

फळ्यांची जमीन हादरली. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. सुई टुणकन उडाली आणि कर्रकन तबकडीवरून घसरत गेली.

कुणी हसलं नाही.

म्हातारा वाकला. तबकडीवर एक तिरका पांढरा ओरखडा उमटला होता. त्यावरून त्यानं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"मावत नाही," तो म्हणाला. आवाज अजून रागाचाच होता, पण नजर आल्सीदवर नव्हती, कर्ण्यावर होती. "एवढासा डबा. आपण मावत नाही यात."

त्यानं दांडा मुलापुढं धरला. "धर. आणि लग्नात असा हाण की या थेओफिलच्या सगळ्या सिगारी उलगडल्या पाहिजेत."

पुढं नवी यंत्रं आली आणि ढोल तबकडीत मावू लागला. आल्सीदचा ढोल बऱ्याच तबकड्यांत आहे. घरात मात्र रविवारी ती जुनीच लावतात. टक टक, टक टक चालू असतं, मग दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्या ओरखड्यावर सुई ठप्पकन उडते आणि ओदीलची मुलं ओरडतात, "आजोबा!"

मुलांनी आजोबांना पाहिलेलं नाही. ओव्हिद मेतॉये १९२४ साली, सगळ्या संतांच्या सणाला, नवी यंत्रं यायच्या आदल्या वर्षी वारला. त्याच्या पन्नास वर्षांच्या ढोलातला तेवढा एकच ठोका जगात उरला आहे.