राखण

तिसऱ्यांदा पट्टी फाडून तुफान मेंढरांमागं पळाला, तेव्हा सगुणाच्या नवऱ्यानं त्याला बांधायला साखळीच काढली. लांडग्याशी झुंजताना या कुत्र्याचा पाय फाटला होता. टाके घालताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "पंधरा दिवसांत पळाला, तर पाय कायमचा अधू होईल."

"बांधून काय उपेग? हिसकं दिऊन टाकं तोडंल," सगुणा म्हणाली. "त्याला कामाला लावा."

"लंगड्याला कसलं काम?" नवरा हसला.

तिनं कालच जन्मलेलं कोकरू आणून तुफानच्या पोटाशी ठेवलं. "राख," एवढंच म्हणाली. कळप चरायला निघाला. तुफान कुंई कुंई करत राहिला, पण जागचा हलला नाही. मग रोज सकाळी ती सगळ्यात नाजूक कोकरू त्याच्या स्वाधीन करी.

सोळाव्या दिवशी टाके काढले. कळप निघाला, तरी तुफान बसूनच. नवऱ्यानं वाकून त्याचा पाय चाचपला. "पाय गेला की काय गं?"

"पाय शाबूत हाय. राखण सुटली न्हाई अजून."

सगुणानं त्याच्या पोटाशी निजलेलं कोकरू आपल्या ओटीत घेतलं. "जा आता."

नवरा वळून बघेपर्यंत तुफान कळपाच्या पुढं पोचला होता.