दार लावून विचारायचे प्रश्न

"आधी हिला घ्या की," शिंपी म्हणाला. "बायकांना पहिला मान."

"मला कशाला मेलीला? कढई गॅसवर आहे. तुम्हीच व्हा पुढे," असं म्हणत बायको आत पळालीसुद्धा.

सिस्टर सरकारी पाहणीसाठी आली होती. देशात एचआयव्ही किती जणांना आहे, त्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे आणि किती जण गोळ्या घेतात, एवढंच विचारायचं होतं. एवढंच! बोटातून थोडं रक्त घ्यायचं आणि प्रश्न विचारायचे, एकेकाला, दार लावून. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा नियम. तो मोडला तर उद्या कुणी दारात उभं करणार नाही, हे सिस्टरला पक्कं माहीत होतं.

कडी शिंप्यानेच घातली. शिवायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी टेकला आणि बोट पुढे करण्याआधीच म्हणाला, "आहे मला. गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकवत नाही. बटणांच्या डब्यात ठेवतो. तिकडे ती ढुंकूनही बघत नाही."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"कुठल्या तोंडाने सांगू?" त्याचा आवाज खाली आला. "एकच करा. तिचं रक्त नीट बघा. माझ्यापायी तिला काही नको व्हायला. झोप लागत नाही हो मला."

"तुम्ही म्हणाल तर दोघांना समोर बसवून मी बोलते. तेही आमचंच काम आहे."

"छे छे! भलतंच काय!"

बाहेर आला तो चक्क शीळ घालत. काय नाटकी माणूस! बायकोला म्हणाला, "जा, मुंगी चावल्यासारखं होतं. आणि घाबरतेस काय, तुला काय धाड भरलीय?"

बायको हात पुसत आली. दार लागलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"हळू विचारा हं ताई," ती कुजबुजली. "मला आहे. बहिणीकडे जाते म्हणून सांगते आणि दवाखान्यातून गोळ्या आणते. तांदळाच्या डब्यात, तळाशी असतात. यांना घरात मीठ कुठे आहे ते सापडत नाही, गोळ्या कसल्या सापडतायत!"

सिस्टरला एकदम भडभडून आलं. त्या दोन डब्यांच्या मध्ये एक भिंत होती, तीही अर्ध्या विटेची.

"यांचं आत्ताच झालं ना?" बायकोने तिचं मनगट धरलं. "यांना नाही ना लागलं माझ्यामुळे? तेवढं एकच सांगा."

सिस्टरने कापसाचा बोळा उगाचच बदलला. "मला नाही सांगता येत. तुम्हीच विचारा ना त्यांना."

"विचारायचं तर आधी सांगावं लागेल."

"मग मी बसते ना तुमच्याजवळ. दोघांना एकत्र..."

"नको गं बाई." तिने डोळे कोरडे केले. "चाललंय ते बरं चाललंय."

निघताना दोघंही दारापर्यंत आली. "एवढं रक्त काढून नेताय, चहा तरी घेऊन जा," शिंपी म्हणाला.

"यांचं काय ऐकताय? साखर कालच संपलीय," बायको म्हणाली. दोघं हसली, अगदी एकमेकांकडे बघून हसली. सिस्टरला तिथे उभं राहवेना.

गाडीत टीमच्या मॅडम टॅबवर माहिती तपासत होत्या. त्यांचा चेहरा खुलला. "वा! दोघंही पॉझिटिव्ह, दोघांना माहीत, दोघांच्या गोळ्या सुरळीत. अशी घरं निघाली तर देशाचं घोडं गंगेत न्हालंच म्हणायचं." मग त्यांनी विचारलं, "दोघांना माहीत आहे ना नक्की? नाहीतर वरचे मला धारेवर धरतात."

"हो मॅडम, माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "ज्याचं त्याला."