राखून ठेवलेला धडा

गणिताचे सर रिटायर झाले. दिवाळी उलटली तरी अकरावी सायन्सला नवे सर काही आले नाहीत. शेवटी वर्गातली दीपमालाच फळ्यापुढं उभी राहायला लागली.

"त्रिकोणमितीला भ्यायचं न्हाई," ती सांगायची. "जी बाजू अवघड दिसती तीच धरायची, सगळं साइन-कॉसमधी आणायचं. मंग सुटतं बराबर."

आणि पोरांची गणितं सुटायची.

परवा जालन्याहून साहेब तपासणीला आले. मागच्या बाकावर बसून त्यांनी अख्खा तास ऐकला आणि उठून टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास बेटा!" म्हणत ते प्राचार्यांकडं वळले. "तुमचं तर झकास चाललंय की! मग तुमच्याकडं पाठवणार होतो ते सर परतूरला देतो. तिथं शिकवायला कुणीच नाही."

प्राचार्यांनी मान डोलावली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. खडूनं भरलेल्या हातांनी दीपमालानंही वाजवल्या.

साहेबांची गाडी गेल्यावर तिनं फळा पुसला. पोरांनी पुढचा धडा उघडला.


नवे सर आले की त्यांच्याकडून समजून घेऊ, म्हणून तिनं राखून ठेवलेला.