पाचपैकी पाच

“घरी सोडताना औषधांची माहिती समजेल अशी दिली गेली का? पाचपैकी किती गुण द्याल?” पाहणीला आलेल्या बाईंनी कागदावरून वाचलं.

“पाच,” अप्पा म्हणाले.

कपाळाला टाके, डावा डोळा सुजून मिटलेला, आणि म्हणे पाच. दारात उभ्या असलेल्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई रुग्णालयाकडूनच आल्या होत्या. वयस्कर रुग्णांना घरी पाठवल्यावर त्यांचं पुढं बरं चाललंय की नाही, याची तिथं मोजणी सुरू झाली होती. बारा दिवसांत कुणी साधा फोन केला नव्हता. आता वरातीमागून घोडं आलं होतं, गळ्यात ओळखपत्र अडकवून.

लेकीनं बाईंना सगळं सांगितलं. अप्पांना रक्तदाबाची एक गोळी आधीपासून होती. रुग्णालयानं तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावानं लिहून दिली. घरी सोडायच्या दिवशी त्यांच्या खाटेसाठी पुढचा रुग्ण बाहेर ताटकळत होता, त्यामुळं नर्सनं फाईल हातात कोंबली, सगळं आत लिहिलंय म्हणाली आणि चाकाची खुर्ची लिफ्टकडे ढकलली. जुनी गोळी बंद करा, एवढंच आत लिहिलं नव्हतं. नवी सुरू झाली, जुनीही चालू राहिली. आठ दिवस, न चुकता. नवव्या दिवशी सकाळी अप्पा चक्कर येऊन बाथरूममध्ये नळावर आपटले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा कुठं उलगडा झाला.

“हे लिहा,” ती म्हणाली. “आणि शून्य द्या.”

बाईंनी अवघडून मान हलवली. शून्य नव्हतंच, सुरुवात एकपासून होती. शिवाय रुग्ण शुद्धीवर असेल तर उत्तर त्याचंच धरायचं, घरच्यांचं नाही, असा नियम होता. बाई वाईट नव्हत्या. पाचाभोवती गोल करताना त्यांचं पेन जरा अडखळलं, पण गोल झाला.

पुढचा प्रश्न होता, काळजी कशी घ्यायची हे घरच्यांना शिकवलं का. अप्पा म्हणाले पाच. काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, ते सांगितलं का. पाच.

मग मात्र तिचा तोल सुटला. ज्यांच्यामुळं जिवावर बेतलं, त्यांनाच गुणांची खिरापत काय वाटताय, असं तिनं अप्पांना विचारलं. उद्या दुसऱ्या कुणाचा बाप असाच आपटेल आणि यांच्या कागदावर पाचपैकी पाच असतील, असंही सुनावलं. “कुणाला भिताय एवढं?”

अप्पांनी उघड्या डोळ्यानं आधी बाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“चाळीस वर्षं कचेरीत काढलीत मी,” ते हळू म्हणाले. “गुण कमी पडले की चौकशी लागते. आणि चौकशीत चोर सोडून संन्याशाला फाशी. पहिला प्रश्न हाच येणार, गोळ्या रोज कोण देत होतं?”

तीन दिवस ती नर्सला, डॉक्टरला, फाईल लिहिणाऱ्याला, दिसेल त्याला शिव्या घालत होती. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला आणि गोळ्या घेऊन आपणच अप्पांपाशी जात होतो, हे तिनं कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. आणि म्हातारा फुटलेल्या कपाळानं तिला पाठीशी घालत बसला होता. तिला लाज वाटली. पण राग तिळभरही कमी झाला नाही, उलट वाढला. यांनी चूक करायची, आणि बापानं लेकीसाठी यांना शाबासकी द्यायची.

तिनं बाईंच्या हातातून कागद आणि पेन घेतलं आणि कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“मागचं कुणी वाचत नाही, ताई,” बाई म्हणाल्या. त्यांनी कागद परत मात्र मागितला नाही.

“तुम्ही वाचाल ना?”

अप्पा नको नको म्हणत उठू लागले. तिनं एका हातानं त्यांना धरून परत बसवलं आणि दुसऱ्या हातानं, कागद खिडकीच्या कट्ट्यावर दाबून, मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘गोळ्या मी देत होते. जुनी बंद करायची, हे मला कोण सांगणार होतं?’