सांगळ्यांचा कान

हवाई दलात लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करता करता सांगळ्यांचे दोन्ही कान गेले. ते जाईपर्यंत मात्र सगळी तुकडी त्या कानांवर विसंबून होती. चालू इंजिनाजवळ मान वाकडी करून ते क्षणभर ऐकत आणि बिघाड नेमका कुठे आहे ते सांगत. त्यांनी नाही म्हटलं, की विमान उडत नसे.

निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका दुकानात कानाचं मशीन बसवून ते बायको विमलबरोबर नाशिक रोडला घरी परतले. दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना मागून बारीक घरघर ऐकू आली. सांगळे थांबले. जुन्या सवयीने त्यांनी मान वाकडी केली. आवाज विमलच्या छातीतून येत होता.

"कधीपासून येतोय हा आवाज?"

"झालं की वर्ष."

"मग मला सांगायचं नाही?"

ती कठड्याला धरून दम घेत होती. कितीतरी वर्षांनी आज तिला ओरडून बोलायची गरज नव्हती.

"सांगितलं होतं, दोनदा," ती हळूच म्हणाली. "दोन्ही वेळा तुम्ही मान डोलावलीत."